चार नंबरची हजामत

सोमवारी सकाळी सव्वादहाला ठिणगी प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिच्या टेबलावर एक काचेचा चंबू येऊन बसला होता. चंबूत पिवळंधमक द्रावण होतं आणि चंबूच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "पिवळं होतं. पिवळं आहे. पिवळंच राहील. कळावे."

ठिणगीने चिठ्ठी वाचली, पर्स खुर्चीवर आपटली आणि चंबू उचलून आल्या पावली जिन्याकडे निघाली. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण इथे ते कोणी वापरत नसे. पहिल्याच वर्षी तिने प्रिंटरशी केलेलं भांडण तीन खोल्या पलीकडे ऐकू गेलं होतं, तेव्हापासून ती ठिणगी.

आताचं भांडण चार नंबरवरून होतं. दोन रेणू एकमेकांना जोडायचे तर त्यांना मध्ये ऊर्जेची एक टेकडी चढावी लागते. योग्य उत्प्रेरक घातला की त्या टेकडीत एखादी खिंड सापडते आणि चढ कमी होतो. कुठल्या उत्प्रेरकाने चढ किती कमी होतो, हे चंबूला हातही न लावता, कॉम्प्युटरवर नुसत्या गणिताने काढायचं, हे ठिणगीचं काम. तिने सहा उत्प्रेरक घेतले होते. काहीच घातलं नाही तर टेकडीची उंची अठ्ठावीस. एक, दोन, तीन, पाच आणि सहा नंबरांनी ती वीस-बाविसावर आणली, म्हणजे जेमतेम पास. चार नंबरने मात्र ती नऊवर आणली. नऊ म्हणजे टेकडी कसली, उंबरठाच. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका नऊवर उभं होतं आणि शुक्रवारी अकरा वाजता ते बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे मांडायचं होतं. त्यांना पटलं तर प्रबंध दाखल, नाही पटलं तर चार वर्षांच्या शेपटीला पाचवं वर्ष.

या इमारतीतली रीत अशी, की वरच्या मजल्याने हिशेब करायचा आणि खालच्या मजल्याने तो पदार्थ खरोखर बनवून, चालवून दाखवायचा. खालचा मजला म्हणजे काका. सव्वीस वर्षं ते काचेच्या भांड्यांत वाट्टेल ते बनवत आले होते आणि एकदाही 'जमत नाही' म्हणाले नव्हते. चार नंबर त्यांनी चार वेळा बनवला. चारही वेळा तो उत्तम बनला आणि चारही वेळा त्याने काडीचंही काम केलं नाही. रेणू जोडले गेले असते तर द्रावणाचा पिवळा रंग उडून ते पाण्यासारखं झालं असतं. ते पिवळंच राहिलं.

"आलात?" काकांनी हातमोजे न काढताच विचारलं. काका रागावले की तिला अहोजाहो करत.

"काका, हे गळ्यात चिठ्ठी बांधणं वगैरे काय आहे?"

"पुरावा आहे. तुम्ही लोक कागदाशिवाय मानत नाही."

"गणित नऊ सांगतंय. नऊला याचा रंग दहा मिनिटांत उडायला हवा."

"मग गणितालाच बोलवा चंबू ढवळायला."

इथे ठिणगीने थांबायला हवं होतं. पण चार वर्षं ज्याच्यावर घालवली तो आकडा चिठ्ठी बांधून परत आलेला, आणि शुक्रवार चार दिवसांवर. तिने विचारलं, चंबू ओला तर नव्हता ना. सव्वीस वर्षं चंबू वाळवणाऱ्या माणसाला असं विचारणं म्हणजे पोस्टमनला पत्ता वाचता येतो का विचारण्यासारखं.  काकांनी वही काढली, चार नंबरची चार पानं तिच्यापुढे उघडली आणि प्रत्येक पानावर 'चंबू वाळवला' या शब्दांवर बोट ठेवून तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. चौथ्या पानावर ते दोनदा लिहिलेलं होतं.

ठिणगीनेही हट्ट सोडला नाही. पाचव्यांदा माझ्यादेखत करा, म्हणाली. बनवलेला चार नंबर शिल्लक होताच, तो घालून काकांनी केलं. पाऊण तास ती त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती, आणि त्या पाऊण तासात तिने ढवळणं फार सावकाश होतंय, थेंब फार मोठे पडतायत आणि खिडकी उघडी का आहे, अशा तीन हरकती घेतल्या. चौथी घेण्यासाठी वाकली तेव्हा तिचं कोपर लागून थर्मामीटर खाली पडला.

दोघांनी तुकड्यांकडे पाहिलं. मग चंबूकडे पाहिलं. चंबू पिवळा होता.

"तापमान किती होतं, ते तरी वाचलंत का पाडायच्या आधी?" काकांनी विचारलं.

एवढ्यात सर आले. सर म्हणजे ठिणगीचे मार्गदर्शक. त्यांनी परीक्षक बाईंना फोनवर नऊचा आकडा आधीच सांगून टाकला होता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने नऊ हा आता आकडा राहिला नव्हता, दिलेला शब्द झाला होता. त्यांनी उभ्याउभ्याच निकाल दिला, की गणित बरोबर आहे, अर्थात माल खराब आहे. काकांचा चेहरा चंबूच्या रंगाशी स्पर्धा करू लागला. त्यांनी चार नंबरचा नमुना तिथल्या तिथे तपासणी विभागात पाठवला. तासाभराने उत्तर आलं, नव्व्याण्णव टक्के शुद्ध. सर म्हणाले, तपासणीचं यंत्र बिघडलंय. तपासणीवाल्याने सरांना लेखी विचारलं, की गेल्या महिन्यात याच यंत्राने तुमचा दुसरा नमुना शुद्ध ठरवला तेव्हा ते बरं होतं का. त्यावर उत्तर सुचेना म्हणून सरांनी रसायनं पुरवणाऱ्या भांडारपालाला पत्र धाडलं, की कच्चा माल भेसळीचा आहे. भांडारपालाने सगळ्या बाटल्यांची प्रमाणपत्रं एका ढकलगाडीवर घालून सरांच्या दारात आणून उभी केली, आणि ढकलगाडी तिथेच सोडून निघून गेला. दुपारी चारपर्यंत इमारतीतले चार विभाग एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि सरांना स्वतःच्या खोलीत ढकलगाडीशेजारून अंग चोरून शिरावं लागत होतं.

घरी आल्यावर ठिणगीने आईला आणि दादाला सगळं सांगितलं, म्हणजे सुरुवात 'काय झालं' या प्रश्नाने झाली आणि पुढचा अर्धा तास ती एकटीच बोलत होती. उत्प्रेरक म्हणजे काय हे तिने आईला पूर्वीच मावशीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. दोन घरांत अबोला असला की मावशी जाते, दोघांना बोलतं करते आणि स्वतः जशी गेली तशीच्या तशी परत येते.

"मग तुझी ही मावशी घरातच शिरत नसेल," आई म्हणाली.

"आई, ती शिरते. मी हिशेब केलाय."

"हिशेबात शिरते गं. दारात अडकत असेल."

दादा लोकांच्या घरी कपाटं बसवून द्यायचा. तो म्हणाला, आमच्यात असं झालं तर आम्ही आधी टेप काढतो, भिंतीला शिव्या नंतर देतो. ठिणगीने दोघांना सांगितलं, की ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याने कृपा करून गप्प बसावं, आणि ताटावरून उठून गेली. दादाने तिच्या ताटातलं उरलेलं संपवलं. त्याला कोणाच्या रागापायी अन्न वाया गेलेलं खपत नसे.

मंगळवारी दुपारी वरच्या मजल्यावर एक अघटित घडलं. काका जिना चढून आले. वरच्या पोरांनी त्यांना इथे कधी पाहिलंच नव्हतं. ते ठिणगीच्या टेबलाशी आले, एक स्टूल ओढलं आणि बसले.

"माझी वही तुम्ही वाचलीत. आता तुमचा चार नंबर मला दाखवा."

"त्यात तुम्हाला काय कळणार?"

"पिवळं कळतं मला. बाकीचं तुम्ही सांगा."

ठिणगीने पडद्यावर चार नंबरचं चित्र उघडलं. मधोमध धातूचा एक अणू, त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसलेल्या दोन फांद्या, आणि समोर मोकळी जागा, जिथे रेणू येऊन बसायचे. तिने माऊसने चित्र गोल फिरवून दाखवलं. किती सहज येतात बघा, म्हणाली. इथून एक येतो, इथून दुसरा, धातू दोघांना जवळ ओढतो, झालं.

काकांनी चष्मा पुसला. स्टूल पुढे ओढलं. चित्र परत फिरवायला लावलं. मग परत. तिसऱ्यांदा फिरवून झाल्यावर त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, फांदीच्या टोकाशी.

"गोंडे कुठायत?"

"कसले गोंडे?"

"चार नंबरला फांद्यांच्या टोकांना गोंडे असतात. अणूंचे, चांगले गुबगुबीत. एकेका फांदीला दोन-दोन, एकूण चार. ते चढवायलाच मला दोन दिवस लागतात. तुमच्या याला टोकाला नुसते हायड्रोजन दिसतायत. पेन्सिलीच्या मागे खोडरबर असावं तसे."

ठिणगी पडद्याकडे बघत राहिली. 

गोष्ट अशी होती. गणितात रेणू जितका मोठा तितका वेळ जास्त, आणि तोही साधा नाही, दुप्पट रेणूला दहापट वेळ. म्हणून वरच्या मजल्यावर सगळेच एक युक्ती करत. रेणूचे जे भाग कामाच्या जागेपासून लांब असतात ते कापायचे, तिथे एक-एक हायड्रोजन चिकटवायचा आणि आधी या सडपातळ रेणूवर खिंड शोधायची. खिंड सापडली की कापलेलं परत लावायचं आणि मग खरा आकडा काढायचा. याला पोरं हजामत म्हणत. सहापैकी एकट्या चार नंबरलाच गोंडे होते, म्हणून हजामत एकट्या त्याचीच झाली होती. खिंड सापडायला पाच आठवडे लागले. सापडली तेव्हा आकडा आला नऊ, आणि नऊ बघून ठिणगीला इतका आनंद झाला की ती गोंडे परत लावायचे विसरली. आनंदाच्या भरात फाइलला तिने 'अंतिम' असं नाव दिलं. अंतिम नाव दिलेली फाइल पुन्हा कोण उघडतो?

"म्हणजे मी गोंडेवाला बनवतोय," काका एकेक शब्द तोलून म्हणाले, "आणि तुम्ही बोडक्याचा हिशेब करताय. माझ्या चार नंबरच्या दारात चार जाडजूड गोंडे अडकलेत, आत मुंगी शिरायला जागा नाही, आणि तुम्ही मला विचारताय चंबू ओला होता का."

"पण तुम्हाला गोंडे लावायला कोणी सांगितलं?" ठिणगीच्या तोंडून निघून गेलं. रागाला कुठेतरी जायचं असतं, आणि समोर काकाच होते.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मागणीपत्र होतं. चार नंबरची आकृती, चारी गोंड्यांसह, आणि खाली ठिणगीची सही. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून वही काढली आणि पडद्यावरचं बोडकं चित्र बघून बघून वहीत उतरवायला लागले. कशाला, तिने विचारलं. सरांना दाखवायला, ते म्हणाले. माझ्या मालाला खराब म्हणतात ना, आता दाखवतो कुठलं काय खराब आहे ते.

काकांच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून ठिणगी धावत सरांकडे गेली. ढकलगाडी ओलांडून आत शिरली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. सरांनी तिची बिनपाण्याने केली. चार वर्षं, बाहेरचे परीक्षक, दिलेला शब्द, तपासणीवाला, भांडारपाल, सगळे येऊन गेले. मध्ये एकदा तिने धीर करून म्हटलं, की हजामत करायला पहिल्या वर्षी सरांनीच शिकवलं होतं.

"पहिल्या वर्षी शिकवलं होतं," सर म्हणाले. "चौथ्या वर्षापर्यंत तशीच ठेव म्हणून नव्हतं शिकवलं."

उपाय एकच होता. गोंडे लावून गणित नव्याने करायचं, आणि तेही शुक्रवारच्या आत. बोडक्याची खिंड हाताशी होती, तिच्यावर गोंडे बसवून सुरुवात केली तर गणिताच्या मोठ्या यंत्रावर दोन दिवसांत उत्तर निघण्याजोगं होतं, पण त्यासाठी सगळं यंत्र लागणार होतं. सरांनी प्रयोगशाळेतल्या बाकी दोघांची कामं थांबवली. ते दोघे ठिणगीशी बोलायचे थांबले. एकाने जाता जाता एवढंच सांगितलं, की त्याचं गणित अठरा दिवस चाललं होतं आणि दीड दिवस उरला होता.

तिने गोंडे लावले, चार म्हणजे चार, दोनदा मोजून. काम यंत्राकडे धाडलं. अर्ध्या मिनिटात यंत्राने ते परत पाठवलं. तुमच्या खात्यात जागा नाही, म्हणालं. गोंडेवाला रेणू मोठा, त्याच्या गणिताचा पसाराही मोठा, आणि तिची सगळी जागा जुन्या फाइलींनी भरलेली. काय काढायचं, हे तिला फार वेळ शोधावं लागलं नाही. सगळ्यात जास्त जागा बोडक्या चार नंबरने अडवली होती. पाच आठवड्यांचे सगळे प्रयत्न, फसलेल्या वाटा, सापडलेली खिंड, आणि शिखरावर 'अंतिम'. ज्याने तिला सगळ्या इमारतीत तोंडघशी पाडलं तोच. खिंडीची जेवढी आकृती लागायची तेवढी तिने गोंडे लावून नव्या कामात घेतलीच होती. बाकीचं ठेवून त्याची पूजा करायची होती का?

'कायमचं पुसायचं, खात्री आहे?' यंत्राने विचारलं. त्या आठवड्यात तिच्याशी इतक्या सभ्यपणे कोणी बोललं नव्हतं. ठिणगीने खात्री असल्याचं बटण इतक्या जोरात दाबलं की शेजारच्या टेबलावरचा पेला हलला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं, एकतीस. काहीच घातलं नाही तर अठ्ठावीस आणि चार नंबर घालून एकतीस. म्हणजे हा उत्प्रेरक असा, की त्याच्या वाटेने जाण्यापेक्षा रेणूंनी त्याला वळसा घालून आपापलं गेलेलं बरं. ठिणगी कपाळाला हात लावून बसली. शेवटचं प्रकरण गेलं. सर मागे येऊन उभे राहिले, त्यांनीही आकडा पाहिला, आणि त्यांचं ओरडायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं.

"चंबूत काय झालं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. पिवळं."

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा."

"आणि गणित म्हणतंय, काही होणार नाही." सर खुर्चीत बसले. "अगं, मग जुळलं की. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत इतकं जुळलं नव्हतं."

दोघांनी मिळून प्रकरणाचं नाव बदललं. 'चार नंबर का चालतो' याच्या जागी 'चार नंबर का चालत नाही'. गोंडे दार कसं अडवतात याची चित्रं काढली. काकांचे पाच पिवळे चंबू, कालपर्यंत ज्यांच्यावरून इमारत पेटली होती, ते आता सिद्धतेचे पाच खांब झाले. ठिणगी माफी मागायला आणि चंबूंचे फोटो काढायला खाली गेली. काकांचं दार आतून बंद होतं. बाहेर पाटी होती, 'नायट्रोजन चालू आहे. दार उघडल्यास खपवून घेतलं जाणार नाही.' तिने दोनदा टकटक केलं. आतून उत्तर आलं, "मेलो नाही, जा." फुगून बसलेत, असं समजून तिने बाहेरच्या फळीवर ठेवलेल्या पाच चंबूंचे फोटो काढले आणि परत आली.

शुक्रवारी अकराला सभागृह भरलं होतं. भांडणाची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती आणि फुकटचा तमाशा कोण सोडतो? तपासणीवाला पहिल्या रांगेत होता. भांडारपाल त्याच्या शेजारी, हाताची घडी घालून. परीक्षक बाई एकट्या टेबलाशी बसल्या होत्या. बारीक, ताठ, आणि हसण्याचा परवाना घरी विसरल्यासारख्या. त्यांना फोनवर सांगितलेल्या नऊचे एकतीस कसे झाले, हे सरांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं, सांगताना एकदाही श्वास न घेता.

ठिणगी मात्र छान बोलली. राग ओसरला की माणसाचं बोलणं नेमकं होतं. टेकडी दाखवली, खिंड दाखवली, खिंडीत चार गोंडे खांद्याला खांदा लावून कसे उभे आहेत ते दाखवलं, आणि पाच पिवळे चंबू दाखवून थांबली.  परीक्षक बाई म्हणाल्या, की फसलेल्या प्रयोगाचं कारण इतकं स्वच्छ सांगणारं काम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही. लोक असले प्रयोग कपाटात लपवतात. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. ठिणगीने सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते, देवळात बसतात तसे.

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि काका आत आले. दाढी तीन दिवसांची, डोळे लाल, हातात एक चंबू. चंबूतलं द्रावण पाण्यासारखं नितळ होतं.

"चाललं," काका म्हणाले.

सरांनी डोळे उघडले. "काय चाललं?"

"चार नंबर. सात मिनिटांत. रंग पार उडाला."

भांडारपालाने हाताची घडी सोडली.  ठिणगीने आत्ताच सव्वा तास खर्चून सिद्ध केलं होतं, की हे कधीच चालणार नाही.

"काका, कुठला चार नंबर?" तिने विचारलं.

"तुझा. बोडका. म्हटलं, या पोरीने त्याच्यापायी माझं सव्वीस वर्षांचं नाव घालवलं, बघू तर खरं हा काय दिवे लावतो. मेला भारी नाजूक निघाला. हवा लागली की काळा पडतो. म्हणून तीन दिवस दार लावून बसलो. पण काम करतो. तुझं गणित बरोबर होतं." शेवटचं वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं, की जणू दात उपटून देत होते.

परीक्षक बाईंनी टोपण परत लावलं. चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"थांबा. म्हणजे गोंडे असतील तर बंद, गोंडे नसतील तर चालू. आणि दोन्ही तुम्ही प्रत्यक्ष करून पाहिलंत. आणि दोन्हीचं गणित तुमच्याकडे आहे. अहो, मग निम्मंच काय दाखवताय? बोडक्याची खिंड दाखवा."

ठिणगी म्हणाली, "आकडा आहे, बाई. नऊ."

"आकडा ज्योतिषीही सांगतात. गणित दाखवा."

"ते पुसलं."

"का?"

"चुकीचं होतं म्हणून."

"पण ते बरोबर आहे."

"आता आहे," ठिणगी म्हणाली. "मंगळवारी नव्हतं."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. सरांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याच्या-ज्याच्यावर रागवायचं त्याच्या-त्याच्यावर या आठवड्यात रागवून झालंय. ते नुसतेच पाणी प्यायले. परीक्षक बाईंनी अहवालावर तीन ओळी लिहिल्या. काम उत्तम आहे, वाटलं होतं त्याहून मोठं आहे. अर्धं आहे. दोन महिन्यांनी दोन्ही गणितं घेऊन यावं, तोवर प्रबंध दाखल करू नये. जाताना त्या काकांच्या हातातला चंबू घेऊन उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या, आणि चंबू वाळवताना तुम्ही तापमान किती ठेवता, असं त्यांनी फार आदराने विचारलं.

ठिणगी वर आली. रागवावं कोणावर, हे ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर शोधत होती, आणि प्रत्येक पायरीवर एकच नाव निघत होतं. गोंडेवाल्याच्या खिंडीतून गोंडे छाटून बोडक्याची परत मिळते का, हे तिने करून पाहिलं. सुरुवातीची आकृती यंत्राने दर पायरीला पुसून तिच्या जागी नवी लिहिली होती, आणि गोंड्यांनी सगळ्यांना ढकलून-ढकलून इतकं लांब नेलं होतं, की तिथून जुनी वाट सापडेना. शेवटी तिने कोरी फाइल उघडली. मधोमध धातूचा एक अणू ठेवला. पाच आठवड्यांची पहिली पायरी.

शेजारी स्टूल सरकल्याचा आवाज आला. काका बसले होते. दाढी तशीच, वही मांडीवर.

"फांदीचा पहिला कर्ब काढ," ते म्हणाले.

"काका, मला येतं."

"हो, ते सगळ्या मजल्यांनी पाहिलंय. काढ."

तिने काढला. काकांनी वहीत खूण केली.

"आता सेव्ह कर."

"एका अणूला?"

"एका अणूला."

ठिणगीने दात-ओठ खात बटण दाबलं. काकांनी पडद्याकडे वाकून, ते खरंच सेव्ह झालंय का, हे निरखून पाहिलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"हं," ते म्हणाले. "दुसरा."